कोकणची सुटी आणि परतीचा दिवस

मुलाबाळांसह सुटीस जावयाचे म्हणजे आज आपण प्रथम निघण्याचा दिवस ठरवितो. परतीचा दिवस रजेच्या हिशेबाने मागाहून येतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांचा क्रम याच्या उलट असे. त्यांस परतीचा दिवस आधी धरावा लागे, आणि तेथून मागे मोजीत निघण्याचा दिवस काढावा लागे. हा उलटा हिशेब त्यांस समुद्राने शिकविला होता.

कोकणची किनारपट्टी उष्ण कटिबंधातील. तेथे चैत्र-वैशाखात आंबा, काजू, फणस व करवंदे एकामागून एक तयार होतात, आणि ज्येष्ठ लागतो न लागतो तोच नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्यावर येऊन आदळतो. मुलांस सर्वांत प्रिय असा जो काळ, तो समुद्राच्या सर्वांत भयंकर काळाला अगदी खेटून आहे. शाळांची मोठी सुटी नेमकी याच सांध्यावर पडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या वस्तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचे प्रमाण सुमारे पंचमांश होते. बोरघाटातून देशावर जाणारा लोहमार्ग १८६३ सालीच खुला झाला होता. परंतु कोकणास मात्र रेल्वे नव्हती. तेव्हा चाकरमान्याने बायकामुलांस गावी न्यावयाचे ते आगबोटीने. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, ही बंदरांची माळ मुलांस भूगोलाच्या पुस्तकापूर्वीच पाठ झालेली असे.

हा प्रवास सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आला तो अशाच प्रवासांतून. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनारा गाठीत. पडाव लाटेबरोबर वर येई त्या क्षणी खलाशाने मूल उचलून घ्यावे आणि आईने श्वास रोखून पाहावे, अशी ती उतरण. शांत समुद्रावर ज्याची ही अवस्था, तो प्रवास खवळलेल्या समुद्रावर करणे अशक्यच होते. म्हणून पावसाळा तोंडाशी आला की किनाऱ्याची ही वाहतूक बंद होई. मग गावी अडकलेल्यास कुंभार्ली घाटाने कऱ्हाड किंवा आंबा घाटाने कोल्हापूर गाठण्यावाचून गत्यंतर नसे. लेकरे बरोबर असता भर पावसात घाट चढणे म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक होते, ते शेवटच्या बोटीची वाट पाहत बसत नसत.

ही सावधगिरी भित्रेपणाची नव्हती, हे इतिहासाने दोन वेळा दाखविले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. समुद्र उघडला असे मानण्याच्या ऋतूत हे घडले. पुढे १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसता, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. लांबची वाहतूक पावसाळ्यात बंद असली, तरी हा जवळचा फेरा चालूच होता. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जे वाचविले, तेवढेच त्या दिवसाचे पुण्य. अंतर थोडे म्हणून धोका थोडा, हा समज किती फसवा असतो, याचे याहून दारुण उदाहरण आपल्या किनाऱ्यास ठाऊक नाही.

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरच्या दिशेस सलग धावू लागली, आणि परतीचा जुना हिशेब एकदम अनावश्यक वाटू लागला. समुद्र टळला, परंतु पाऊस टळला नव्हता. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळली आणि कारवारहून मुंबईकडे येणारी गाडी तिच्यावर आदळली. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. ती गाडी सुटीच्या गर्दीसाठी सोडलेली विशेष गाडी होती, ही गोष्ट मनास विशेष लागते. आगबोट जाऊन आगगाडी आली, तरी परतीचा दिवस मृगाच्या पावसातच पडला होता. आज पावसाळ्यात या मार्गावर निराळे वेळापत्रक असते, गाड्या हळू चालतात, रुळांवर गस्त असते. म्हणजे जो हिशेब पूर्वी घरातील वडीलधारी माणसे करीत, तोच आता रेल्वेस करावा लागतो.

तथापि सर्वच भार रेल्वेवर टाकून आपणांस मोकळे होता येत नाही. शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि सुटीचा शेवटचा दिवसही वाया जाऊ नये असे प्रत्येक घरात वाटते. मुलांस आंब्याच्या बागेतून काढणे कठीण, हे खरेच. परंतु पूर्वीच्या आईबापांची मुले काही कमी रडत नसतील. ती रडत असताही त्यांस पडावात बसविणारी माणसे सुटी पुरती भोगून, आभाळ भरण्यापूर्वी, मुंबईच्या धक्क्यास लागत. सुटीचा बेत परतीच्या दिवसापासून आखावा, ही त्यांची शिकवण अजून जुनी झालेली नाही.