समदुःखितांची बैठक : आक्षेप आणि उत्तर

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, संधिवात, हिमोफिलिया, एचआयव्ही, नैराश्य अशा जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांच्या रुग्णांनी एकमेकांना नियमाने भेटावे, असे कोणी सुचवले की शिकल्यासवरल्या घरांतूनही चार आक्षेप हमखास येतात. पहिला, आजार हे डॉक्टरांचे काम. रुग्णाने रुग्णाला सांगितलेले ज्ञान अर्धवट आणि म्हणून घातक. दुसरा, चार आजारी एकत्र बसले की रडगाणेच होणार, बरा असलेलाही खचेल. तिसरा, आपल्याकडे घरची माणसे आहेत. परक्यांचा आधार शोधावा अशी वेळ आपल्यावर आलेली नाही. चौथा, घरातले दुखणे चव्हाट्यावर आणू नये. उद्या मुलीचे लग्न व्हायचे आहे. या सगळ्यांच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो : अशा बैठकांनी आजारात फरक पडतो याला पुरावा काय?

हे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांच्यामागे अनुभव आहे, काळजीही आहे. म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवे.

आधी मुळाशी जाऊ. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपण म्हणत आलो. टायफॉइड, हिवताप, मोडलेले हाड यांना ते लागू पडते. ज्या आजारांबद्दल आपण बोलत आहोत, ते मुंगीच्या पायानेही जात नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. वर्षाचे तास भरतात ८,७६०. डॉक्टर कितीही कनवाळू असला तरी वर्षभरातली त्याची एकूण भेट तासाभराच्या पलीकडे क्वचित जाते. उरलेल्या तासांत काय खायचे, किती चालायचे, प्रवासात इन्सुलिन कसे न्यायचे, रात्री घाम फुटला तर काय करायचे, हे रुग्णाला एकट्यालाच निभावावे लागते. म्हणजे दीर्घ आजाराचा बहुतेक उपचार दवाखान्याबाहेरच होतो. तिथे सोबत कोणाची, हा या वादाचा खरा विषय आहे.

उदाहरणादाखल नाशिकमधले शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय घ्या, नाहीतर शहरातले कोणतेही खासगी केंद्र. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास तिथे असतो. सुई टोचण्यासाठी फिस्टुला (धमनी आणि शिरेचा जोड) केलेल्या हाताचा रक्तदाब कोणाला घेऊ द्यायचा नाही, त्या हातात घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालायचे नाही, तो हात डोक्याखाली घेऊन झोपायचे नाही, रोज सकाळी बोट ठेवून आतली थरथर लागते का ते पाहायचे : एवढे डॉक्टर आणि परिचारिका सांगतातच. पण सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाईला त्यापुढचे कळायला हवे असते. दिवसाचे ठरलेले पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचे, म्हणजे हिशेब चुकत नाही. घसा सुकला तर चूळ भरून टाकायची किंवा बर्फाचा एक खडा चघळायचा. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचे. आणि सगळ्यात अवघड, भेटीला येणारा पाहुणा प्रेमाने शहाळे आणि केळी घेऊन येतो. त्यातले पोटॅशियम आपल्या हृदयाला धोक्याचे आहे, हे त्याला न दुखावता कसे सांगायचे? हे शेजारच्या खाटेवरची, पाच वर्षे डायलिसिसवर असलेली बाई सांगते. तिचे सांगणे डॉक्टरांच्या सल्ल्याला छेद देत नाही. तो सल्ला घरच्या स्वयंपाकात आणि नातलगांच्या गोतावळ्यात कसा पाळायचा, ते ती दाखवते.

आता पहिला आक्षेप. अर्धवट ज्ञानाची भीती रास्त आहे, पण ते ज्ञान येते कुठून? मधुमेह मुळापासून घालवणारा काढा, इन्सुलिन सोडायला लावणारे चूर्ण, अमुक गावचा नाडीवैद्य ही माहिती शेजारी, सोयरे आणि मोबाइलवरचे निरोप पुरवतात, आणि तिला बळी पडतो तो एकटा, घाबरलेला रुग्ण. तोच काढा घेऊन आयसीयूत जाऊन आलेला माणूस बैठकीत समोर बसला असेल, तर तो दुसऱ्याला वेळेवर सावध करतो. अट एकच आणि ती कडक हवी : प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा; दुसऱ्याच्या औषधाला आणि मात्रेला हात लावू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी संधिवाताच्या आणि पुढे सर्वच दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी उभारलेला कार्यक्रम याच शिस्तीवर चालतो. सहा आठवडे, आठवड्याला अडीच तास, लिखित अभ्यासक्रम आणि शिकवायला प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे, त्यांतली बरीच स्वतः रुग्ण.

काही आजारांत तर रुग्णांचे ज्ञान डॉक्टरच्याही पुढे असते. हिमोफिलिया ए हा रक्त नीट न गोठण्याचा आजार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरने असा रुग्ण उभ्या आयुष्यात पाहिलेलाच नसतो. गुडघ्यात रक्त उतरू लागले की सूज दिसण्याआधी आत मुंग्या येतात, सांधा उबदार आणि जड वाटतो. अनुभवी मुलगा ती खूण ओळखतो आणि त्याच घटकेला रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचे इंजेक्शन घेतो. नवखा सूज येईपर्यंत थांबतो आणि पुढे सांधा गमावतो. स्नायूत इंजेक्शन टोचू द्यायचे नाही, ॲस्पिरिन घ्यायची नाही, हे एक आई दुसऱ्या आईला पहिल्याच भेटीत बजावते. जागतिक हिमोफिलिया महासंघ १९६३ साली स्थापन करणारे फ्रँक श्नाबेल स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण होते. भारतातला महासंघ १९८३ साली उभारणारे अशोक बहादुर वर्माही तसेच. आज नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियासाठी डे केअर केंद्र आहे. अशी सोय सरकारी रुग्णालयांपर्यंत यावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली ती संघटित रुग्णांनी आणि त्यांच्या पालकांनी.

दुसरा आक्षेप रडगाण्याचा. या भीतीला उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली आणि नव्याने येणाऱ्यांचा हात धरू लागली. त्याच्याही आधी, १९३५ साली, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ जगभर पसरली. अशा बैठकांत माणसे रडतात, हे खरे. पण जो नुसते ऐकून घ्यायला आलेला असतो, तोच काही महिन्यांनी दुसऱ्याला दोन गोष्टी सांगू लागतो. रुग्ण सदैव घेणारा असतो. इथे त्याला देता येते, आणि देता येऊ लागलेला माणूस खचत नाही. नीट चालवली नाही तर बैठक रडगाण्यात बुडू शकते. त्यावर उपाय बैठक चांगली चालवणे हा आहे, बंद ठेवणे हा नव्हे.

तिसरा आक्षेप कुटुंबाचा. कुटुंबाचे मोल कोणी नाकारत नाही. पण ज्याचे जळते त्यालाच कळते. आपण घाबरलो आहोत हे रुग्ण घरच्यांना सांगत नाही, कारण तेही घाबरतील. हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाकडे येतो, ही गोष्ट कळल्यावर येवल्यातल्या एखाद्या आईच्या मनात जे चालते, ते ती सासूजवळ बोलू शकते काय? आणि सांभाळणाऱ्यांचे काय? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे प्रा. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, ती रुग्णांइतकीच त्यांच्या आईवडिलांसाठी आणि जोडीदारांसाठीही होती. स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. कुटुंबालाही आधार लागतो, हे एकदा मान्य केले की कुटुंब आहे म्हणून बैठक नको, हा युक्तिवाद उरत नाही.

चौथा आक्षेप लोकलज्जेचा, आणि तो सर्वांत वेदनादायी आहे, कारण कलंकाची भीती काल्पनिक नाही. म्हणून नाव आणि आजार गुप्त ठेवण्याचा नियम कोणत्याही गटाचा पहिला नियम असायलाच हवा. पण लपवल्याने कलंक टिकतो, हाही अनुभवच आहे. अंगावरच्या पांढऱ्या डागांनी मुलींची लग्ने अडत होती. स्वतः कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात ‘श्वेता असोसिएशन’ सुरू केली आणि ही माणसे उघडपणे एकत्र येऊ लागली. एचआयव्हीच्या बाबतीत तर शासनानेच हे तत्त्व स्वीकारले. १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी (विषाणूरोधक) उपचार सुरू झाले आणि पुढे एआरटी केंद्रांत केअर कोऑर्डिनेटरच्या पदावर एचआयव्हीसह जगणारी व्यक्तीच नेमण्याचे धोरण आले. ज्या आजाराबद्दल समाज सर्वांत जास्त घाबरला होता, तिथे रुग्णाच्या सोबतीला पगारी जागा मिळते. मग मधुमेहाच्या ओपीडीत तिला खुर्चीही का मिळू नये?

आता पुरावा. इथे समर्थकांनीही हात आखडता घेतला पाहिजे, कारण अतिशयोक्तीने या कामाचे नुकसान झाले आहे. १९८९ साली अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गटात भेटणाऱ्या स्त्रिया सुमारे दुप्पट काळ जगल्या, असे त्यात दिसले. जगभर आशा पालवली. २००१ साली कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्यांना सुरुवातीला तो त्रास जास्त होता त्यांची. २००७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात सामान्य माणसांनी चालवलेल्या कार्यक्रमांचे फायदे लहान आणि अल्पकाळाचे आढळले. केरळातल्या १,००७ जणांच्या प्रयोगात सोबत्यांच्या आधाराने मधुमेह टाळण्याचे प्रमाण निर्णायक ठरेल इतके वाढले नाही. दुसऱ्या पारड्यात हेही आहे : मिशेल हायस्लर यांच्या २०१० सालच्या अभ्यासात २४४ मधुमेही माजी सैनिक होते. त्यांतल्या निम्म्यांच्या जोड्या लावून दिल्या, एकमेकांना फोन करा म्हणून सांगितले; निम्म्यांना परिचारिकेची देखरेख दिली. सहा महिन्यांनी जोड्यांमधल्यांचे एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ०.२९ टक्केबिंदूंनी उतरले होते, परिचारिकेकडच्यांचे तितकेच चढले होते. यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की सोबत हा चमत्कार नाही. जिथे ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाशी बांधलेली असते, तिथे ती मोजता येण्याजोगा फरक करते, आणि वेदना एकट्याने सोसण्याचा भार तर पुष्कळदा उतरवते. कोणत्याही उपचाराकडून याहून अधिक प्रामाणिक दावा अपेक्षित नाही.

नाशिकला तर या पुराव्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरजच नाही. २०१३ नंतर याच जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो आखला. बचत गटांतल्या आणि शेतकरी मंडळांतल्या गावच्याच माणसांना शिकवून तयार केले. मनाने खचलेला शेजारी ओळखायचा, त्याच्याशी चार-सहा वेळा ठरवून बोलायचे, सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यायचा आणि आजार गंभीर दिसला तर त्याला रुग्णालयात पोहोचवायचे, हे त्यांचे काम. ही माणसे स्वतः रुग्ण असतीलच असे नव्हते, पण तत्त्व तेच : आपल्यातल्याच माणसाने, शिकून, मर्यादा ओळखून दिलेली साथ. पुढे हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात वाढले आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत जगातल्या चांगल्या नमुन्यांमध्ये त्याची नोंद घेतली. पहिले पाऊल नाशिकच्या खेड्यांत पडले होते. शहरातल्या ओपीडींपर्यंत मात्र ते अजून आलेले नाही.

तेव्हा निर्णय असा. समदुःखितांची सोबत डॉक्टरला पर्याय नाही. ती उपचाराचाच एक भाग आहे, आणि म्हणून तिची सोय लावणे ही उपचार करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. रुग्णगट कसा चालवावा हे उद्याच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवले गेले पाहिजे. जिल्हा रुग्णालयापासून सिडको-सातपूरच्या दवाखान्यांपर्यंत प्रत्येकाने महिन्यातून एकदा, ओपीडी संपल्यावर, एक खोली दोन तास उघडी ठेवावी. एक प्रशिक्षित रुग्ण, एक परिचारिका आणि भिंतीवर तीन नियम : इथले बोलणे इथेच राहील; अनुभव सांगा, औषध सांगू नका; इथे काहीही विकले जाणार नाही. एवढ्याला मोठी तरतूद लागत नाही. आणि जे आज एखाद्या दीर्घ आजारासह एकट्याने दिवस काढत आहेत, त्यांना एवढेच सांगणे : पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, माझ्यासारखे आणखी कोण आहेत आणि ते कुठे भेटतात? उत्तर ‘कुठेच नाही’ असे आले, तर पहिली बैठक तुम्हीच बोलवा.