रोगप्रतिबंधाच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इ. स. १८९७ च्या ४ फेब्रुवारीस सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत ज्या घरझडत्या झाल्या, त्यांविषयीं सरकारी कागद आहेत, तसेच लोकांचें गाऱ्हाणें सांगणारे 'केसरी'चे अंकही आहेत. म्हणून उभय पक्ष ताडून पाहतां येतात.

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरची गोष्ट निराळी आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं तेथील कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणु असल्याचें भोपाळच्या प्रयोगशाळेंतील तपासणीवरून जाहीर झालें. भारतांतील ही पहिली नोंद होय. लाखों कोंबड्या मारून पुरण्यांत आल्या व पोल्ट्रीच्या मालकांस भरपाई देण्यांत आली. माणसांस लागण झाल्याचें सिद्ध झालें नाहीं.

राजकारणाचें मूळ येथेंच आहे. नुकसान डोळ्यांस दिसतें. टळलेला रोग दिसत नाहीं. नैयायिकांच्या मतें प्रतियोगीच्या ज्ञानावांचून अभावाचें ज्ञान होत नाहीं. न झालेल्या सांथीचें मोल ठरवावयाचें, तर कशाची भीति होती व ती टाळण्यासाठीं कोणी काय गमावलें, हें दोन्ही ठाऊक असलें पाहिजे. पहिल्याची नोंद सरकारदरबारीं राहते. दुसऱ्याची बव्हंशीं खासगी कागदांतच सांपडावयाची.

शंभर वर्षांपलीकडचा कागद तेवढाच जुना मानावा, ही आम्हां संग्राहकांची खोड आहे. वाळवी मात्र कागदाचें वय पाहत नाहीं. नवापूरकडे कोणाच्या घरीं त्या वेळचे पंचनामे, भरपाईच्या पावत्या किंवा कर्जाचे हिशेब असतील, तर मालकांच्या संमतीनें त्यांच्या नकला आतांच उतरून घ्याव्या, अशी आमची विनंति आहे.