८ डिसेंबर १९५५ : आजीबाईंपुढे हरलेली टोळी

दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांचा ‘द लेडीकिलर्स’ हा चित्रपट ८ डिसेंबर १९५५ रोजी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ, रेल्वेच्या बोगद्यावर एकट्या राहणाऱ्या मिसेस विल्बरफोर्स यांच्या घरात पाच दरोडेखोर वादक असल्याची बतावणी करून शिरतात. खोलीत ग्रामोफोनवर संगीतकार बोकेरिनीची तबकडी फिरते आणि आत लुटीचा बेत शिजतो. अ‍ॅलेक गिनेस, पीटर सेलर्स असे नट असूनही चित्रपट खऱ्या अर्थाने मिसेस विल्बरफोर्स झालेल्या केटी जॉन्सन यांचा आहे. आजीबाई ना हुशारीने जिंकतात ना बळाने. चहा घेऊन दार ठोठावणाऱ्या म्हातारीशी उद्धटपणे बोलणे या गुन्हेगारांना जमत नाही. तिला कोणी मारायचे हे ठरवायला काड्या ओढूनही कुणाचा हात उठत नाही. त्यांचा घात होतो तो अंगात मुरलेल्या शिष्टाचारामुळे आणि आपसातल्या अविश्वासामुळे.

एकामागून एक माणसे मरताना हसावे कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण मॅकेन्ड्रिक मृत्यू चवीने दाखवत नाहीत. मालगाडीच्या धुरात प्रेत दिसेनासे होते, आणि हसू येते ते टोळीच्या हतबलतेचे. जुन्या इंग्लंडचे हे भाबडे गुणगान आहे, असेही म्हणता येईल. मात्र शेवटी पोलीस आजीबाईंचे खरे बोलणे हसण्यावारी नेतात आणि लुटीचे पैसे आजीबाईंकडेच राहतात, हे गुणगान खचितच नव्हे. कोएन बंधूंनी २००४ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली, तरी आधी मूळ चित्रपटच पाहावा. केटी जॉन्सन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.