परळचा बचाव-वकील आणि घटनेचें बाविसावें कलम

आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि. प्रतिवादीचें उत्तर ऐकल्यावांचून निर्णय नाहीं, हा त्यांतील मुख्य दंडक. परंतु ब्रह्महत्येसारख्या घोर अपराधांत आरोपीस प्रतिनिधि देऊं नये, त्यानें स्वमुखानेंच उत्तर द्यावें, असेंहि निबंधकार सांगतात. म्हणजे संकट जेथें सर्वांत मोठें, तेथेंच आरोपी एकटा. आज आरोपीस वकिलाचा जो घटनासिद्ध हक्क आहे, त्याचा एक धागा परळच्या चाळींपर्यंत जातो. तो येथें थोडक्यांत दाखवूं.

डॉ. भीमराव आंबेडकर हे 1922 सालीं लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले व 1923 सालीं मुंबई हायकोर्टांत वकिली करूं लागले. सनदेच्या पैशाची अडचण त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनीं दूर केली. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडचें काम सॉलिसिटरांच्या हातून यावयाचें. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टराकडे तें कोण देणार? म्हणून अपिलें व जिल्ह्यांचीं कोर्टें यांवरच त्यांना भिस्त ठेवावी लागली. राहणें परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतील दोन खोल्यांत. लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकण्याची जागा जवळचाच दामोदर हॉल.

त्यांच्या फौजदारी कामांपैकीं दोन विशेष लक्षांत घेण्याजोगीं आहेत. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींस पुण्यांत शिक्षा झाली. 1926 सालीं आंबेडकरांनीं सेशन्स कोर्टांत त्यांचें अपील चालविलें व आरोपी सुटले. पुढें 1934 सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांजवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हां त्यांचाहि बचाव आंबेडकरांनींच केला. येथें मात्र यश आलें नाहीं. कर्व्यांस 200 रुपये दंड झाला. पहिले पक्षकार ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी, दुसरा चित्पावन ब्राह्मण. लोकांना अप्रिय झालेल्या माणसासहि वकील मिळाला पाहिजे, एवढेंच सूत्र दोहोंत समान आहे.

15 सप्टेंबर 1949 रोजीं आंबेडकरांनीं घटना समितींत 15-अ हें कलम मांडलें. तेंच पुढें बाविसावें झालें. अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकडून बचाव करविण्याचा हक्क त्यानें मिळाला. हा हक्क फौजदारी संहितेंत पूर्वींच होता, हें त्यांनीं स्वतः सांगितलें. परंतु तो आतां कायदेमंडळासहि हिरावून घेतां येणार नाहीं, हा भेद त्यांनीं दाखविला. व्यक्तिस्वातंत्र्याचें मूळ कलम अपुरें आहे ही सभासदांची तक्रार, हें या कलमाचें निकट कारण. केवळ एका वकिलाच्या अनुभवांतून तें निपजलें, असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि त्या अनुभवानें मांडणाऱ्याच्या शब्दांस वजन आलें, हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें.

हक्क लिहिला गेला, पण फी कोणीं द्यावी? मुंबईंत 1924 सालींच ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ निघाली होती. 1949 सालीं न्यायमूर्ति भगवती यांची समिति मुंबई सरकारनें नेमली. 1976 च्या घटनादुरुस्तीनें 39-अ हें कलम आलें व 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानें मोफत वकिलाची व्यवस्था देशभर लागू झाली. परळच्या दामोदर हॉलांत जें एका व्यक्तीच्या सौजन्यानें मिळे, तें आतां राज्याचें कर्तव्य आहे. तें कर्तव्य नीट पार पडतें कीं नाहीं, याची परीक्षा मात्र कलमांच्या भाषेवरून नव्हे, तर आजहि पैशावांचून कोर्टांत उभ्या राहिलेल्या आरोपीवरूनच करावी लागेल.