प्रोबेटला वळसा: जुन्या मुंबईत संपत्ती वारसांपर्यंत कशी पोहोचे?

१/ मृत्युपत्र लिहिले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पण ब्रिटिश काळातील मुंबईत तेवढ्याने वारसाचे काम भागत नसे. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला म्हणजे प्रोबेट. तो मिळवताना वेळ जाई, खर्च होई आणि घरातली भांडणे चव्हाट्यावर येत. तो टाळण्यासाठी शोधलेल्या वाटांचा हा इतिहास.

२/ प्रोबेट ही इंग्लंडची प्रथा. तेथे शतकानुशतके मृत्युपत्रांचा निवाडा चर्चची न्यायालये करीत. तोच अधिकार पुढे मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील ब्रिटिश न्यायालयांकडे आला. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही हा नियम लावला. मात्र मुंबई इलाख्यात तो केवळ मुंबई शहरापुरता होता.

३/ परिणाम चमत्कारिक झाला. पुण्यातल्या माणसाने पुण्यातल्या वाड्याबद्दल केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हती. गिरगावातल्या चाळीबद्दलच्या मृत्युपत्राला होती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ही शहराची वेस तशीच जपली.

४/ मुळात हिंदू धर्मशास्त्रात मृत्युपत्राला फारसे स्थान नव्हते. मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबातला एक पुरुष गेला की त्याचा वाटा मागे राहिलेल्या सहभागीदारांकडे आपोआप जाई. कागद नको, न्यायालयही नको. पण या सोयीची किंमत स्त्रिया मोजत. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क देईपर्यंत एकत्र मिळकतीत तिच्या वाट्याला केवळ पोटगी येई.

५/ पारशी समाजाचा पेच निराळा होता. मुंबई बेटावर इंग्रजी कायदा लागू असल्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या पारशाची सारी स्थावर मिळकत थोरल्या मुलाची, असा दावा १८३५ साली उभा राहिला. समाज हादरला आणि त्याने सरकारकडे धाव घेतली. १८३७ च्या नवव्या कायद्याने पारशांची जमीन वारशापुरती जंगम मिळकतीसारखी मानली. थोरल्याचा एकहाती हक्क संपला.

६/ आणि अवघ्या तेवीस वर्षांनी एका पारशी घराण्यासाठी तोच थोरल्याचा हक्क खास कायदा करून परत आणला गेला! घराणे होते सर जमशेटजी जीजीभाई यांचे. चीनच्या अफू व कापूस व्यापारात अमाप पैसा मिळवणारे आणि तो मुक्तहस्ते दान करणारे जमशेटजी १८५७ साली बॅरोनेट झाले. हा किताब पित्याकडून थोरल्या पुत्राकडे जाणारा. परंतु संपत्तीची वाटणी होत गेली, तर काही पिढ्यांनी उरेल तो नुसता किताब.

७/ जमशेटजी १८५९ साली वारले. १८६० च्या विसाव्या कायद्याने वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या सरकारी रोख्यांचा आणि ‘माझगाव कॅसल’ या हवेलीचा कायमचा न्यास केला. मालकी विश्वस्तांची, उपभोग किताबधारकाचा. एक बॅरोनेट गेला की पुढच्याला हा उपभोग कायद्यानेच मिळे. त्यापुरते मृत्युपत्रही नको आणि प्रोबेटही नको.

८/ अट मात्र कडक होती. प्रत्येक वारसाने ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करायचे. थोरले पुत्र खरशेदजी यांनी किताबाबरोबर वडिलांचे नावही घेतले. लाखाचे उत्पन्न हाती आले, पण मूळ ठेव विकण्याचा अधिकार नाही आणि स्वतःचे नावही मागे पडले. पुढे पेटिट घराण्यासाठी १८९३ साली आणि करीमभाई इब्राहिम घराण्यासाठी १९१३ साली असेच कायदे झाले.

९/ मुस्लिम कुटुंबांना प्रोबेटची सक्ती नव्हती, पण मृत्युपत्राने सामान्यतः एक तृतीयांशच संपत्ती देता येई. मिळकत अखंड ठेवण्याचा मार्ग म्हणजे कौटुंबिक वक्फ: उत्पन्न वंशजांना, वंश खुंटल्यास गोरगरिबांना. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका खटल्यात असा वक्फ अवैध ठरवला. गरिबांचा वाटा फार दूरचा आणि नावापुरता आहे, असे कारण दिले.

१०/ या निर्णयाने देशभरच्या कुटुंबांची व्यवस्था धोक्यात आली. तो फिरवण्याचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले मुंबईचे प्रतिनिधी बॅरिस्टर मोहम्मद अली जीना यांनी. १९१३ साली त्याचा कायदा झाला. जुन्या वक्फांना मात्र संरक्षण मिळण्यासाठी १९३० चा आणखी एक कायदा लागला.

११/ ज्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा होणार नव्हता, त्यांनी काय करावे? १८८२ च्या दोन कायद्यांनी दोन वाटा स्पष्ट केल्या: नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि खासगी न्यास. हयातीतच मिळकत दुसऱ्याची झाली की मृत्यूनंतर प्रोबेट घेण्याजोगे काही उरत नाही. पण बक्षीस दिलेले घर केवळ मन बदलले म्हणून परत मागता येत नाही. मुलाने पाठ फिरवली, तर म्हातारपणी दात्याचा आधार जाई.

१२/ या साऱ्या वाटांचे मर्म एकच. मृत्युपत्र करणारा अखेरच्या श्वासापर्यंत मालक असतो, हवे तेव्हा मत बदलू शकतो. त्या स्वातंत्र्याची किंमत वारस न्यायालयात मोजतात. प्रोबेट टाळणारा ती किंमत स्वतः मोजतो, हयातीत मालकी सोडून. न्यायालयाचा खर्च वाचतो, पण कुणीतरी काहीतरी गमावतेच: दाता मालकी, विधवा वाटा, वारस स्वतःचे नाव.

१३/ आणि ‘कायमचे’ असे काही नसतेच. करीमभाई इब्राहिम न्यास १९५९ साली कायद्यानेच मोडला गेला आणि मालमत्तेच्या वाटणीची तरतूद झाली. प्रोबेटची सक्ती करणारे १९२५ च्या कायद्यातले कलम २१३ संसदेने २०२५ साली वगळले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दाराला मुंबईकरांनी वळसे घातले, त्याची सक्तीच अखेर उठली. मागे राहिलेल्यांत संपत्ती न्याय्यपणे कशी वाटावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक घरात आजही तसाच आहे.