काळ्या दरवाजाची वाट

आम्ही उर्दू शिकवणारी माणसं दास्तानींवर वाढलेली. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त फौज कितीही अडचणीत सापडो, अमर अय्यार काहीतरी शक्कल काढणार याची आम्हाला खात्री. जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा १९५५ साली आलेला तिसरा खंड नेमकी हीच खात्री काढून घेतो.

अरागॉर्न सात हजारांची फौज घेऊन सॉरॉनच्या काळ्या दरवाजाकडे निघतो, तो जिंकायला नव्हेच. शत्रूची नजर आपल्याकडे वळावी आणि अंगठी नष्ट करायला गेलेल्या फ्रोडोला वाट मिळावी, एवढ्याचसाठी. वाटेत तुताऱ्या वाजतात, ललकाऱ्या होतात. समोरून उत्तर नाही. मग भेदरलेली शेतकऱ्यांची पोरं पाऊल पुढे टाकेनात. अरागॉर्न रागावत नाही. झेपेल असं दुसरं काम देऊन त्यांना पाठवतो. उरतात सहा हजारांहून कमी. आमच्या मते धास्ती वाढते ती इथं, शत्रूची संख्या ऐकून नव्हे. पुढे सॉरॉनचा दूत फ्रोडोचं चिलखत दाखवतो, लढाई जुंपते, आणि ऐन क्षणी लेखक आपल्याला मागच्या दिवसांतल्या सॅमकडे नेतो!

टॉल्कीन स्वतः १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होते. १ जुलैच्या एका दिवसात तिथं १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. त्यांत त्यांचा मित्र रॉब गिल्सनही होता. काळ्या दरवाजाकडचा प्रदेश काहीसा सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सवरून आला, असं त्यांनी १९६० मध्ये एका पत्रात लिहिलं.