अर्ध्या सेकंदाने वाचवलेलं जग

शून्य क्षण: शुक्रवार, २९ मार्च २०२४, रात्री ९:२१, भारतीय वेळ. खालचा सगळा हिशोब या क्षणापासून मागे मोजला आहे.

३ वर्षे २ महिने आधी
जानेवारी २०२१. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ‘जिया टॅन’ नावाचं एक खातं उघडलं गेलं.

२ वर्षे ५ महिने आधी
२९ ऑक्टोबर २०२१. याच नावाने एक्सझेड युटिल्सला पहिली किरकोळ दुरुस्ती पाठवली गेली. एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या मुळाशी ७-झिपच्या इगोर पावलोव्ह यांचं एलझेडएमए हे तंत्र आहे. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर एक्सझेड असतं, आणि वापरणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, एक पैसा न घेता सांभाळत होते.

२१ महिने आधी
जून २०२२. माझ्या मते खरा घाव इथेच बसला. ‘जिगर कुमार’, ‘डेनिस एन्स’ अशा नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लागला होता: काम रखडलंय, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. कॉलिन यांनी सरळ मनाने उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण मानसिक आजार बराच काळ पिच्छा सोडत नाही. शिवाय हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, हेही लक्षात असू द्या. असं लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी मदतीचा हात द्यायला हवा होता. हात एकाच खात्याने दिला. जिया टॅनने.

२०२३ उजाडेपर्यंत थेट बदल करण्याचा अधिकार टॅनकडे आला होता. त्या वर्षीचं काम नेटकं होतं. संशय यावा असं त्यात वरवर काही दिसत नव्हतं.

३५ दिवस आधी
२३ फेब्रुवारी २०२४. टॅनने चाचणीसाठी म्हणून काही फाइली चढवल्या. बिघडलेली फाइल आली तर सॉफ्टवेअर काय करतं, हे तपासायला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली ठेवाव्याच लागतात. त्या उघडून वाचता येत नाहीत, म्हणून कुणी वाचतही नाही. चोरवाटेचा कोड त्यांच्यातच दडवलेला होता.

३४ दिवस आधी
आवृत्ती ५.६.० बाहेर पडली. दडवलेला कोड जागा करणाऱ्या ओळी सार्वजनिक भांडारात नव्हत्याच. त्या फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होत्या. जालन्याच्या बियाणे बाजारातल्या माणसाला हे लगेच कळेल: प्लॉटवर दाखवलेलं वाण एक, पाकिटात भरलेलं दुसरं.

३२ दिवस आधी
सोमवार, २६ फेब्रुवारी. आदल्या दिवशी मुंबईकडे निघालेले मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे अंतरवाली सराटीत परतले. अंबड तालुक्यात संचारबंदी होती. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं. बंदी कुणी घातली, का घातली, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. त्याच दिवशी डेबियन लिनक्सच्या ‘अनस्टेबल’ शाखेत ५.६.० दाखल झाली. त्याची दवंडी कुठेच पिटली गेली नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याला कारण आहे. अंतरवालीच्या आंदोलनानंतर न्या. संदीप शिंदे समितीच्या कामातून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडीतली जीर्ण पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. एका पानावर एका कुटुंबाचं जातीचं प्रमाणपत्र अवलंबून. अशा कागदांचं आजचं घर म्हणजे सर्व्हर, जगातले बहुतेक सर्व्हर चालतात लिनक्सवर, आणि ते लांबून सांभाळण्याचं दार म्हणजे एसएसएच. टॅनची चोरवाट नेमकी त्याच दारात उघडत होती. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, तो पासवर्डाविना आत जाऊन हवी ती आज्ञा चालवू शकला असता.

२० दिवस आधी
९ मार्च. व्हॅलग्राइंड या तपासणी साधनाने ५.६.० बद्दल तक्रारी केल्या होत्या. त्या मिटवायला ५.६.१ आली.

४ दिवस आधी
२५ मार्च, आपल्याकडे धुळवड. ‘हान्स जान्सेन’ या नावाने डेबियनकडे मागणी गेली: ५.६.१ घ्या. घाई का? डेबियनसारख्या लिनक्समध्ये एसएसएच एक्सझेडपर्यंत पोहोचत होतं ते सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या लायब्ररीमार्गे, आणि तो दुवा तोडण्याचं काम सिस्टिमडीत सुरू झालं होतं. वाट बुजण्याआधी आत शिरायचं, असा अनेकांचा कयास आहे. मलाही तो पटतो.

साधारण २४ तास आधी
२८ मार्च. टॅनने स्वतः उबुंटू या दुसऱ्या लिनक्सकडे ५.६.१ घेण्याची विनंती नोंदवली. २४.०४ ही दीर्घकाळ वापरली जाणारी आवृत्ती २५ एप्रिलला यायची होती.

त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड यांचं खासगी पत्र डेबियनच्या सुरक्षा गटाकडे गेलं. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. ते वेग मोजत होते, म्हणून यंत्र शांत हवं होतं. पण एसएसएच विनाकारण प्रोसेसर खात होतं. चुकीच्या नावाने आलेला माणूस तर लगेच बाहेर काढला जायला हवा. त्यांनी वेळ मोजली: आधी ०.२९९ सेकंद, आता ०.८०७. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक. त्यांनी तो सोडून दिला नाही. काही आठवड्यांपूर्वीची व्हॅलग्राइंडची तक्रार त्यांना आठवली आणि धागा एक्सझेडपर्यंत पोहोचला.

शून्य
कॅलिफोर्नियात सकाळचे ८:५१. फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं.

पुढचे तास
रेड हॅट या लिनक्स कंपनीने फेडोरा रॉहाइड ही चाचणीची आवृत्ती वापरणाऱ्यांना तातडीने थांबायला सांगितलं. धोक्याची श्रेणी ठरली दहापैकी दहा. गिटहबने एक्सझेडचं भांडार बंद केलं. उबुंटूची बीटा आवृत्ती ४ वरून ११ एप्रिलवर गेली. टॅनचं खातं गप्प झालं. त्यामागे कोण होतं, हे अजून उघड झालेलं नाही.

६१ दिवसांनी
२९ मे. चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ लासे कॉलिन यांनी बाहेर काढली. दरम्यान टॅनने केलेला एकेक बदल त्यांना पुन्हा तपासावा लागला होता.